साचा कापण्याआधी एवढं ऐका : पीटी-७६ चं नवं किट काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
रणगाड्यांच्या छोट्या मॉडेलची, घरी जोडायची प्लास्टिक किट बनवणाऱ्या कंपन्यांमधले डिझायनर आणि टूलरूममधले कारागीर यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे पोराला विहिरीत पोहायला शिकवताना त्याच्या पाठीला डबा बांधतात. कुणाकडे सुका भोपळा असतो, कुणाकडे पांगाऱ्याचं लाकूड. आमच्या घरी डालड्याचा पत्र्याचा डबा होता, झाकणाला डाख लावून हवाबंद केलेला. श्रीगोंद्याच्या मळ्यातल्या विहिरीत मोठ्या मामांनी मला तो डबा बांधून ढकललं. दोरी काखेत काचत होती, डबा पाठीवर बदाबदा आपटत होता, नाकातोंडात पाणी गेलं, पण बुडालो नाही. पायऱ्या धरून वर आलो तेव्हा मामा म्हणाले, "आमचा एक रणगाडा असाच पोहायचा. त्याला सगळे पिप्पाच म्हणायचे."

मामा फौजेत ईएमईमध्ये होते, म्हणजे रणगाड्यांचे मिस्त्री. पिप्पा हा पंजाबी शब्द. तुपाचा पत्र्याचा डबा, आपल्या पिंपाचा सख्खा भाऊ. रणगाड्याचं कागदावरचं नाव पीटी-७६. त्यातल्या 'पी'चा रशियन शब्द 'प्लावायुश्ची', म्हणजे तरंगणारा, आणि आपल्या 'प्लवन'शी त्याचं मूळ एकच आहे. हे मला पुढे कळलं तेव्हा मी मामांना मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

तुमच्यापैकी जे कोणी आता पीटी-७६ चं नवं किट हाती घ्याल, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मी या किटची किती वर्षं वाट पाहतोय ते माझ्या कपाटाला विचारा. भारतीय लष्करातले सोव्हिएत घराण्यातले रणगाडे मी एका फळीवर ओळीने लावलेत. टी-५५ आहे, चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात बनून अजेय झालेला टी-७२ आहे, टी-९० भीष्म आहे. ओळीत सगळ्यात पहिली जागा मोकळी आहे. साडेएकवीस-बावीस सेंटीमीटर लांब, नऊ सेंटीमीटर रुंद. एकास पस्तीसच्या मापात पीटी-७६ तोफेसकट एवढाच भरतो. तिथे मी दुसरं काही ठेवत नाही. बाजारात या रणगाड्याची किट नाहीत असं नाही. ट्रम्पेटरचं आहे, ईस्टर्न एक्स्प्रेसचं त्याहून जुनं आहे. मला हवा आहे तो रणगाडा मात्र अजून माझ्या फळीवर आलेला नाही. तो कसा हवा, आणि का, हे सांगायचं आहे.

पत्र आत्ताच लिहिण्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. मी भोसरीच्या एमआयडीसीत बावीस वर्षं टूलरूममध्ये काम करतोय. दिवसभर प्लास्टिकच्या पार्टचे साचे, गाडीच्या डॅशबोर्डच्या क्लिपांपासून मिक्सरच्या झाकणापर्यंत, आणि रात्री जेवणं झाली की किट. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की स्टील काढता येतं, परत घालता येत नाही. पार्टवर माल वाढवायचा असेल तर साच्यात थोडं आणखी कापलं की झालं. पण पार्टवरचा माल कमी करायचा असेल तर साच्यात वेल्डिंग भरा, पुन्हा मशीनवर चढवा, पुन्हा स्पार्क, पुन्हा पॉलिश, आणि इतकं करून वेल्डिंगचा वण कधी ना कधी पार्टवर उमटतोच. तुम्ही पहिली ट्रायल काढून फोटो दाखवाल तेव्हा आम्ही कितीही ओरडलो तरी काही उपयोग नसतो. जे बोलायचं ते स्क्रीनवर मॉडेल असतानाच बोललं पाहिजे. हे मी मराठीत लिहितोय, कारण आधी इथल्या मॉडेलवाल्यांनी वाचून माझ्या चुका काढाव्यात. मग तर्जुमा करून तुम्हाला पाठवणारच आहे.

पहिली गोष्ट. पीटी-७६ ही आधी होडी आहे, मग रणगाडा.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्याला नद्या ओलांडणारा, टेहळणी करणारा हलका रणगाडा हवा होता. युरोपात पश्चिमेकडे जायचं तर एकामागून एक नद्या आडव्या येतात, आणि शत्रू माघार घेताना पहिल्यांदा पूल उडवतो. १९५१ साली हा रणगाडा स्वीकारला गेला आणि स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात तयार होऊ लागला. महायुद्धात जो कारखाना लढाईच्या तोंडावर सापडून उद्ध्वस्त झाला होता, तोच. त्याचं इंजिन म्हणजे टी-३४ च्या बारा सिलिंडरच्या इंजिनाचा अर्धा भाग, सहा सिलिंडर एका ओळीत, २४० अश्वशक्ती. वजन १४ टन. टी-५५ चं वजन ३६ टन, आणि तरीही अंगाने पीटी-७६ त्याच्याहून लांब आहे. कवचाची पेटी जवळपास सात मीटर. एवढं मोठं अंग आणि इतकं कमी वजन, कारण पाण्यावर तरंगायचं तर आत हवा कोंडायला जागा पाहिजे. डालड्याच्या डब्याचाच हिशोब.

म्हणून कवच पातळ. सगळ्यात जाड ठिकाणी साधारण २० मिलिमीटर, आणि पेटीला बऱ्याच ठिकाणी त्याहून खूप कमी. आता हे आपल्या मापात आणा. वीस मिलिमीटरला पस्तिसाने भागलं तर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. तुम्ही पॉलिस्टायरिनची भिंत एक, सव्वा मिलिमीटर ठेवता, आणि ठेवायलाच हवी, नाहीतर माल साच्याच्या टोकापर्यंत भरत नाही आणि सुटा झालेला पार्ट वाकतो. म्हणजे मॉडेलची कातडी खऱ्या रणगाड्याच्या दुप्पट जाड. बंद पेटीत हे दिसत नाही. झाकण उघडं ठेवलं की दिसतं. पीटी-७६ च्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, एकच मोठं लंबगोल झाकण आहे, पुढच्या बाजूला उघडणारं, आणि त्याच्यातच डावीकडे कमांडरचा गोल घुमट. ते झाकण उभं केलं की त्याची कडा थेट डोळ्यांसमोर येते. तिथे जाड प्लास्टिक दिसलं की सगळा रणगाडा खेळण्यातला वाटायला लागतो. त्या कडांना आतून पायरी द्या, तळापासून पातळ करत आणा. साचावाल्याला हे जमतं. मी रोज करतो.

पुढच्या नाकावरची फळीसुद्धा अशीच. पाण्यात उतरण्याआधी चालक ती उभी करतो, म्हणजे लाट डेकवरून चढून त्याच्या झाकणापर्यंत येत नाही. पत्र्याची वस्तू आहे ती. ती प्लास्टिकमध्ये ओतली की पाटासारखी दिसते. पितळी फोटोएचमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पातळ पत्र्यात द्या, दुमडलेली आणि उभी अशा दोन्ही अवस्थांसाठी बिजागऱ्या द्या. दुमडून नाकावर ठेवली तर रणगाडा जमिनीवरचा, उभी केली तर पाण्यातला. एवढ्या एका तुकड्यावर मॉडेल करणाऱ्याचा अख्खा देखावा ठरतो.

पाण्यात हा रणगाडा पट्ट्यांवर चालत नाही. पेटीच्या तळातून पाणी आत ओढून मागच्या दोन तोंडांतून फेकतो, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या तोंडावरची झडप बंद करतात, आणि ते पाणी बाजूच्या भोकातून पुढच्या दिशेने जातं. मामा हे सांगताना दोन्ही हात मागे नेऊन एक मूठ मिटायचे आणि अंगासकट वळायचे. त्या मागच्या दोन झडपा उघड्या आणि मिटलेल्या अशा दोन्ही द्या, आणि आतल्या नळ्या निदान दोन सेंटीमीटर खोल द्या. नुसता खळगा देऊन काळा रंग मारायला सांगू नका. चाकंसुद्धा आतून पोकळ आहेत; सहा जोड्या, तरंगायला मदत व्हावी म्हणून. चाकांवरच्या दाबलेल्या पत्र्याचा उठाव आणि रबराची कडा यांच्यामधली रेघ धारदार हवी, आणि रबर वेगळा पार्ट द्याल तर रंगवणाऱ्याचे आशीर्वाद मिळतील. बारा चाकं मास्किंग टेप लावून रंगवताना रात्री दोन वाजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या मनात पहिली आहे.

या रणगाड्याच्या किटच्या पेटीवर नेहमी दोघांपैकी एक दिसतो : सोव्हिएत नौदल पायदळाचा, समुद्रातून किनाऱ्यावर चढणारा, नाहीतर उत्तर व्हिएतनामचा, जंगलातून बाहेर येणारा. दोघांचाही हक्क आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या लांग व्हेईच्या तळावर पीटी-७६ चालून गेले तेव्हा तिथल्या अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनामच्या त्या युद्धात शत्रूचे रणगाडे पहिल्यांदा अंगावर घेतले, आणि पुढच्या वर्षी बेन हेटला ते अमेरिकेच्या पॅटन रणगाड्यांशी भिडले. ते जरूर द्या. पण ज्या लढाईत हा हलका, पातळ कातडीचा रणगाडा समोरासमोर उभा राहून दुसऱ्या रणगाड्यांशी लढला आणि जिंकला, ती लढाई पेटीवर का नाही?

ती गरीबपूरची. २१ नोव्हेंबर १९७१. अधिकृत युद्ध सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. सीमेवरच्या बोयऱ्याच्या समोर, जेसोरच्या वाटेवर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूर गावात आपली १४ पंजाब बटालियन आणि ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या एका स्क्वाड्रनचे १४ पीटी-७६ रात्रीतून पोचले होते. सकाळी दाट धुकं. त्या धुक्यातून पाकिस्तानचे चॅफी रणगाडे आणि पायदळ चालून आलं. चॅफी अमेरिकेचा, महायुद्धातला, १८ टनांचा, कवच पिप्पापेक्षा जाड, तोफ ७५ मिलिमीटरची. आपल्या स्क्वाड्रनने जागा धरून ठेवल्या आणि धुक्यातून अगदी जवळ येऊ देऊन मारा केला. लढाई संपली तेव्हा चॅफींचा जवळजवळ सगळा स्क्वाड्रन संपला होता. आपले स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजित सिंग नारग लढाई चालवताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याच बोयऱ्याच्या आकाशात आपली नॅट आणि त्यांची सेबर विमानं भिडली. विमानांची ती चकमक मॉडेलवाल्यांना चांगली माहीत आहे. तिच्या खाली जमिनीवर काय झालं होतं ते मात्र थोड्यांनाच माहीत आहे.

पीटी-७६ मध्ये माणसं तीनच. चालक पुढे मधोमध, टरेटमध्ये डावीकडे कमांडर, उजवीकडे गोळा भरणारा. तोफ नेमून डागणारा वेगळा माणूस नाही. ते काम कमांडरनेच करायचं. म्हणजे गरीबपूरच्या त्या धुक्यात प्रत्येक कमांडर एकाच वेळी शत्रू शोधत होता, चालकाला वाट सांगत होता, रेडिओवर बोलत होता आणि तोफेला डोळा लावत होता. स्क्वाड्रन कमांडरला तर हे सगळं करून बाकीचे तेरा रणगाडे चालवायचे होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. तुम्ही आतला भाग देणार असाल तर ती कमांडरची जागा नीट द्या. बसायची गादी, दुर्बिणीचं डोळ्याला लागणारं रबर, उंची जुळवायचं चाक, रेडिओ, सगळं एका माणसाच्या हाताच्या अंतरात. मॉडेल उघडून बघणाऱ्याला ते न सांगता कळलं पाहिजे.

आतला भाग देणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कीव्हच्या मिनीआर्टने टी-४४, टी-५४, टी-५५ यांची किट इंजिन, गोळ्यांच्या मांडण्या, बसायच्या जागा यांच्यासकट काढली, आणि देशावर युद्ध आलं तरी त्यांचं काम थांबलेलं नाही. या माणसांबद्दल मला किती आदर आहे ते लिहून सांगता येणार नाही. पीटी-७६ च्या पोटात तर मोकळी जागाच जास्त आहे. ती पोकळी दिसली की हा रणगाडा का तरंगतो हे लहान पोरालाही समजेल.

आता थोडं गाऱ्हाणं. आपल्या लष्कराने वापरलेल्या एका रणगाड्याचं किट मी काही वर्षांपूर्वी कुरिअरने मागवलं, कस्टमची ड्यूटी भरली, आणि घेतलं ते एवढ्यासाठीच की पेटीच्या मागे 'भारतीय सेना, १९७१' असं छापलेलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. आत डिकलच्या, म्हणजे भिजवून चिकटवायच्या खुणांच्या कागदावर भारतासाठी म्हणून दोन मोठे तिरंगे होते, टरेटच्या दोन्ही बाजूंना लावायला, आणि एक आकडा. बस. मी सूचनेप्रमाणे दोन्ही झेंडे लावले, वरून मॅट वार्निश मारलं, आणि दिवाळीला मामांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "अरे, एवढा झेंडा लावून कोण लढायला जातं? शत्रूला नेम धरायला सोपं जावं म्हणून का?" मग बोटाने दाखवलं : इथे नंबर असतो, नंबराच्या आधी वर टोक असलेला बाण असतो, इथे फॉर्मेशनची खूण, इथे स्क्वाड्रनची. त्या रात्री मी ओल्या कापसाने दोन्ही तिरंगे उतरवले. एका झेंड्याबरोबर खालचा रंगही निघाला.

त्या कंपनीने मुद्दाम काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं असेल, भारतही टाका, तिथेही विकलं जाईल. पण ज्या माणसांनी तो रणगाडा चालवला त्यातली कितीतरी माणसं अजून आहेत. गावागावांत आहेत. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसतात, फळबाग बघतात, नातवाला शाळेतून आणतात. त्यांच्यापुढे ही पेटी उघडली जाणार आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि साचेवाला म्हणून सांगतो, महाग नाही. मूळ रणगाडा सगळ्यांसाठी एकच ठेवा. पण भारतीय आवृत्तीसाठी जादा पार्टची एक छोटी वेगळी फ्रेम करा. मोठा साचा बदलायचा नाही. लहान साच्यात दोन इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारे तुकडे, किंवा मोठ्या साच्यातच एक रनर, म्हणजे माल वाहायची वाट, बंद-चालू करता येईल असा ठेवायचा. आम्ही एकाच साच्यातून डाव्या-उजव्या दरवाजाच्या क्लिपा अशाच काढतो. त्या फ्रेममध्ये जुन्या फोटोंत आपल्या रणगाड्यांवर दिसतं ते सामान द्या : मागच्या डेकवर बांधलेली ताडपत्री, कॅमोफ्लाजची जाळी, पाण्याचे कॅन, खोरं-टिकाव, बिस्तरे. तीन माणसं द्या, पण आपल्या चेहऱ्यांची. सोव्हिएत खलाशांनाच नवा रंग देऊ नका. तोफेच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा ब्रेक फोटो बघून ठरवा, कारण पीटी-७६ च्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या तोफांचे ब्रेक वेगळे आहेत, पहिल्यांना लांब खाचा आणि नंतरच्यांना दोन पडद्यांचा, आणि चुकीचा लावला की जाणकाराचं लक्ष पहिलं तिथेच जातं. डिकलमध्ये बाण असलेले नंबर द्या, वेगवेगळे आकडे सुटे द्या, म्हणजे ज्याला आपल्या वडिलांचा किंवा काकांचा रणगाडा करायचा आहे त्याला त्याचा नंबर जुळवता येईल. ही एक गोष्ट केलीत तर मी सांगतो, तुमच्या पेट्या अशा घरांत जातील जिथे आजवर किट हा शब्द कुणी ऐकलेला नाही.

रंगाबद्दल फार बोलत नाही. ऑलिव्ह ग्रीनच्या छटांवर आमच्यातही भांडणं होतात. चिखलाबद्दल मात्र सांगतो. सूचनापत्रात तुम्ही रशियन वसंतातला काळपट चिखल दाखवता. बंगालचा चिखल वेगळा असतो, राखाडी, चिकट, वाळला की फिकट पडून पापुद्र्यासारखा सुटणारा, आणि त्यात भाताची खुंटं अडकलेली असतात. तो नोव्हेंबर-डिसेंबर होता. कापणी झालेली किंवा चाललेली शेतं. पट्ट्याच्या कड्यांत दोन पेंढ्या अडकलेल्या दाखवल्या तरी गरीबपूर उभं राहतं.

आणि मापं घ्यायला मॉस्कोजवळच्या कुबिंकाच्या रणगाडा संग्रहालयापर्यंत जाता तसे नगरलाही या. अहिल्यानगर म्हणतात आता. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथे आहे आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, सगळे झाडांच्या सावलीत ओळीने उभे. मी सातवीत असताना शाळेच्या सहलीने पहिल्यांदा गेलो. बाकीची पोरं मोठ्या रणगाड्यांपाशी फोटो काढत होती आणि मी पीटी-७६ च्या मागे गुडघ्यावर बसून त्या दोन तोंडांत वाकून बघत होतो. बाई हाका मारत राहिल्या. त्यानंतर किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. तिथला पिप्पा आपल्याच लष्कराने वापरलेला आहे. रंगाचे थर त्यावर बरेच चढलेत, पण झाळाच्या रेघा, झाकणाच्या बिजागऱ्या, बाजूच्या भोकांची जागा बदललेली नाही. रीतसर परवानगी मागा. लष्करी जागा आहे, नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. टेप धरायला, फोटो काढायला माणूस लागला तर मी रजा टाकून येईन.

जपानच्या तामिया या किट कंपनीची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटर लावून चालणारा पँथर रणगाडा काढला, आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून पेटीचं माप ठरवलं, आणि ते भरलं एकास पस्तीस. तेच पुढे साऱ्या जगाचं माप झालं. ती कंपनी अनेक वर्षं चालवणारे शुनसाकू तामिया २०२५ मध्ये नव्वदीत वारले. खरा रणगाडा डोळ्यांनी बघायला ते अमेरिकेतल्या ॲबर्डीनच्या संग्रहालयात गेले होते आणि फोटो काढून परतले होते. ज्या कामाची सुरुवात अशी खऱ्या लोखंडाला हात लावून झाली, त्यात भारतीय आवृत्तीसाठीही कुणी खऱ्या रणगाड्यापर्यंत यावं, ही अपेक्षा मला फार मोठी वाटत नाही.

आणखी एक-दोन बारीक गोष्टी. पट्टे सरळ तुकडे आणि सुटी कडी असे मिसळून द्या. सगळी कडी सुटी दिलीत तर नवखा माणूस अर्ध्यात सोडतो, आणि रबरी पट्टा दिलात तर जुना माणूस पेटी उचलत नाही. साच्यातून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल वण दिसणाऱ्या बाजूला आणू नका. पिन कुठे ठेवायची याचा विचार पाच मिनिटांचा असतो आणि त्याचं पुट्टी-पॉलिश पेपर आम्ही तीन संध्याकाळी करतो. लहान पार्टला गेट, म्हणजे फ्रेमशी जोडणारी जागा, जरा बारीक ठेवा. हे सगळं तुमच्या टूलरूममधल्या माणसांना कळतं. बहुतेक वेळा त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून पत्राच्या वरच त्यांचं नाव लिहिलंय.

डिसेंबर १९७१ मध्ये आपली फौज ढाक्याकडे निघाली तेव्हा मेघनेसारख्या अफाट नदीवर पिप्पाच पाण्यात उतरले होते. मामा म्हणतात, पाण्यात उतरायच्या आधी मिस्त्रीचं काम सगळ्यात मोठं. पेटीच्या तळाला प्लग असतात, एकही सैल राहून चालत नाही. पंप चालू होतो का बघायचं. तळातल्या जाळ्यांत गवत, चिंध्या, काटक्या अडकल्यात का, हे पाठीवर झोपून आत हात घालून बघायचं, कारण जाळी तुंबली की पाणी ओढलं जात नाही आणि रणगाडा मधोमध अडकतो. त्यांच्या उजव्या हाताच्या मनगटावर एक पांढरी रेघ आहे. जाळीच्या कडेची आहे ती. लहानपणी मला वाटायचं घड्याळाचा पट्टा आहे.

आता मामांना नीट दिसत नाही. मी काही नवीन करून नेलं की ते हातात घेऊन बोटांनी बघतात. तोफ नाही, टरेट नाही. ते रणगाडा आधी उलटा करतात आणि पोटावरून अंगठा फिरवतात. आजवरच्या बहुतेक किटमध्ये तिथे सपाट प्लास्टिक लागतं, मधोमध कंपनीचं नाव आणि साल. पीटी-७६ च्या पोटाखालच्या त्या दोन जाळ्या तेवढ्या नक्की द्या. बोटाला लागतील इतक्या उठावाच्या.

आपला,
भोसरीतला एक साचेवाला आणि तुमचा जुना गिऱ्हाईक